अडतीस मिलिमीटरची उचल

आमच्या घरापासून कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळांच्या बागेत, उतरणारी वाट गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कोणत्याही कुळागराच्या वाटेसारखीच आहे. वरचा भाग जांभ्या कातळाचा, मधे व्हाळ (ओढा), आणि व्हाळापलीकडे पोफळींच्या ओळींमधून जाणारी मऊ, काळपट माती. सुपारीच्या गोणी, नारळ, शेणखत आणि पंपाचे सामान ह्यांची ने-आण ह्या वाटेने गेली चौदा वर्षे एकच गाडी करत आली आहे, ती म्हणजे १९९८ सालची, कार्बोरेटरची मारुती जिप्सी. पावसाळ्यात चाकोऱ्या खोल होत जातात, मधला माथा मात्र तसाच उंच राहतो, आणि जुलै उजाडला की मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या गिअरांचा, गोळा त्या माथ्यावर घासू लागतो. गेल्या वर्षी श्रावणात खताच्या सहा गोण्या भरलेली गाडी त्या माथ्यावर अशी बसली की चारही चाके फिरत होती आणि गाडी तसूभरही हलत नव्हती. गड्यांनी पहार लावून माती काढली तेव्हा ती सुटली.

डिफरन्शियल जमिनीपासून वर न्यायचा तर चाकाचा व्यास वाढवण्यावाचून गत्यंतर नाही, कारण ॲक्सल चाकांच्या मध्यावर असतो आणि वरची गाडी कितीही उचलली तरी ॲक्सल जागचा हलत नाही. माझ्या गाडीवर २०५/७० आर १५ मापाचे टायर होते; त्यांचा व्यास हिशेबाने ६६८ मिमी येतो. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३ मिमीच्या आसपास जातो. फरक ६५ मिमीचा, आणि ॲक्सलला त्यातला निम्मा, म्हणजे साधारण ३३ मिमी मिळतो. एवढे मोठे टायर मूळ मडगार्डांखाली बसतात, पण गाडी वळवली किंवा एका बाजूचे चाक वर दाबले गेले की ते पत्र्याला घासतात. त्यासाठी बॉडी वर घ्यायची.

बॉडी वर घेण्याची कल्पना भाच्याची. गोव्यात २०१४ मध्ये पहिल्यांदा झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज ह्या ऑफ-रोड स्पर्धेपासून चिखलात बुडणाऱ्या गाड्या बघण्याचे वेड इकडच्या पोरांना लागले आहे, आणि भाचा त्यांतलाच. त्याचे म्हणणे होते की स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवावेत, म्हणजे गाडी एकदम उंच होईल. तसे केल्यास प्रॉपेलर शाफ्टचे (ॲक्सलला शक्ती पोचवणाऱ्या दांड्याचे) कोन बदलतात, स्टेअरिंगच्या दांड्यांची भूमिती बदलते, आणि खताच्या गोण्या भरून तिरक्या उतारावर जाणाऱ्या गाडीचा तोलही बदलतो. बॉडी लिफ्टमध्ये ह्यातले बहुतेक टळते. जिप्सी ही शिडीसारख्या चॅसिसवर (लोखंडी सांगाड्यावर) वेगळी बॉडी ठेवलेली गाडी आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि ॲक्सल हे सारे वजनदार सामान चॅसिसला धरून असते, आणि बॉडी रबरी बुशांवर, म्हणजे जाड रबरी गाद्यांवर, बोल्टांनी बसवलेली असते. त्या बुशांच्या जोडीला टणक ठोकळे घातले की बॉडी तेवढी वर जाते आणि जड भाग खालीच राहतात. कागदावर हे काम शनिवार-रविवारचे आहे. मला त्याला सव्वा महिना लागला, आणि ठोकळे बसवण्याचे प्रत्यक्ष काम त्यातल्या दीड दिवसाचे होते.

कायद्याची बाब आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपासून वेगळा पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. माझ्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०१३ मध्ये संपली, मग पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण दोनदा झाले, आणि २०२३ नंतर मी ते केले नाही. गाडी घर आणि कुळागर ह्यांच्यामध्ये, आमच्याच जमिनीत फिरते. डांबरी रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्याने हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी बाहेर न्यायची नसल्यामुळे मिस्त्रींनाच घरी बोलवावे लागले, आणि आमचा मांगर, म्हणजे शेतसामानाची खोप, हेच गॅरेज झाले.

मिस्त्री डिचोलीकडचे, साठीच्या उंबरठ्यावरचे. उमेदीची वर्षे त्यांनी खाणींवरच्या टिपरांखाली काढली आणि २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर ते गावात परतले. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीखाली सरकून पाच मिनिटे टॉर्च फिरवला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "सर, तुम्ही उचलायचं बोलताय. आधी ती सुटते का ते बघूया." ते काय म्हणत होते ते मला आठवडाभराने कळले.

मी मात्र त्या दिवसांत ठोकळ्यांच्या विचारात गढलो होतो. दोन इंच, म्हणजे ५० मिमी उंचीचे ठोकळे करायचे असे ठरवले होते; प्रश्न धातूचा की प्लास्टिकचा एवढाच होता. लाकूड आपल्याकडच्या पावसात फुगते आणि कुजते, म्हणून ते बाद. लोखंडी पाइपाचे तुकडे स्वस्त पडतात, पण त्यांच्या आत पाणी साचून ते दोन पावसांत पोखरले जातात. ॲल्युमिनियम चांगले, परंतु लोखंडाला चिकटून ओलाव्यात राहिले की दोन धातूंमधल्या विद्युतरासायनिक क्रियेने ते पांढऱ्या पिठासारखे झडू लागते, आणि आमच्याकडे ओलावा वर्षातले निदान सहा महिने असतो. नायलॉन सर्वांत सहज मिळते. ते पाणी शोषून किंचित फुगते हा त्याचा दोष. शेवटी ॲसिटल नावाच्या प्लास्टिकचा ७५ मिमी व्यासाचा रॉड घेतला, जो पाणी फारच थोडे शोषतो आणि लेथवर लोण्यासारखा कापला जातो. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याने त्याचे तुकडे पाडले, दोन्ही तोंडे सपाट केली आणि मधोमध भोक पाडून दिले. सगळे ठोकळे एका उंचीचे असणे फार महत्त्वाचे आहे. एखादा मिलिमीटरभर कमी असला तरी बोल्ट आवळताना बॉडीला पीळ पडतो आणि मग दरवाजे नीट लागत नाहीत.

बोल्टांनी त्याहून जास्त पायपीट करायला लावली. मूळ बोल्टांच्या जाडीचेच, पण ५० मिमी अधिक लांब आणि ८.८ ग्रेडचे बोल्ट हवे होते. दुकानदार दहा मिमी जाडीचा बोल्ट मागितला की १.५ मिमी पिचाचा (आट्याच्या दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा) नेहमीचा आटा पुढे करतो. जपानी वंशाच्या गाड्यांत १.२५ चा बारीक आटा सर्रास असतो. दोन्ही बोल्ट शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. चुकीच्या पिचाचा बोल्ट दोन-तीन फेरे सुखाने आत जातो, मग अडतो, आणि तिथे जोर लावणारा माणूस बोल्ट आणि नट दोन्ही एकदमच बाद करतो. जुना बोल्ट खिशात घालून मी म्हापशापासून फोंड्यापर्यंत पाच दुकाने फिरलो. हे लिहून ठेवतो, कारण ज्या जुन्या बोल्टावरून मी माप घेतले तो मांगरात सुटलेला पहिला आणि त्या आठवड्यापुरता शेवटचा बोल्ट होता.

बाकीचे सुटेनात.

समुद्र आमच्यापासून बराच लांब आहे, तरी ही गाडी आमच्याकडे येण्याआधी अकरा-बारा वर्षे किनाऱ्यालगतच्या गावात होती, आणि खारे वारे गाडीत जे पेरून ठेवतात ते मालक बदलला म्हणून जात नाही. शिवाय बॉडीचे बुश चॅसिसच्या बाजूला काढलेल्या ब्रॅकेटांवर बसतात, आणि चाकांनी उडवलेला चिखल नेमका त्या ब्रॅकेटांच्या खोबणीत जाऊन बसतो. जांभ्याचा चिखल वरून वाळलेला दिसला तरी आत महिनोन्महिने ओला राहतो. मी दर पावसाळ्यानंतर गाडी धूत आलो आहे, आणि दर वेळी चाके, मडगार्ड आणि दरवाजे धूत आलो आहे. ज्या जागी पाणी मारायला हवे होते त्या जागांकडे मी चौदा वर्षांत एकदाही वाकून पाहिले नव्हते.

मिस्त्रींनी तीन दिवस काहीच सोडले नाही. सकाळ-संध्याकाळ येऊन ते प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर आणि नटाच्या बुडाशी डिझेल आणि गिअर ऑइलचे मिश्रण सोडायचे, हातोडीने हलके चार ठोके द्यायचे आणि निघून जायचे. ठोक्यांनी गंजाला बारीक भेगा जातात आणि तेल आत झिरपते. जोर लावून हे साधत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी गोटी पाना आणि चार फुटी पाइप घेतला. आटा सोडवताना ते बोल्ट सरळ उलटा फिरवत नसत. आधी किंचित आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या दिशेला, मग पुन्हा आवळायच्या, असे सुईच्या टोकाएवढे पुढे-मागे करत बोल्ट मोकळा करत. अशा रीतीने निम्मे बोल्ट सुटले. दोन मानेत तुटले. उरलेल्यांची तऱ्हा सर्वांत वाईट होती, कारण तिथे नट बॉडीच्या बंद पोकळीत वेल्ड केलेला होता आणि बोल्टाबरोबर तो नटच वेल्डिंग सोडून आत गरगर फिरू लागला.

बंद पोकळीतला फिरता नट पान्याने धरता येत नाही, दिसत नाही, आणि खालून गॅसने तापवावा तर वरच्या बाजूला गालिचा, वायरी आणि डांबरी लेप असतो. मिस्त्रींनी सीटा काढल्या, गालिचा काढला, आणि बोल्टाच्या बरोबर वर पडेल अशी जागा खालून ओळंब्याने मोजून फरशीच्या पत्र्यावर खडूने चौकोन आखला. तो चौकोन त्यांनी तीन बाजूंनी ग्राइंडरने कापला आणि झाकणासारखा वर उचलला. आतून जे बाहेर आले त्याला गंज म्हणणेही जिवावर येते. तो तांबड्या पापुद्र्यांचा भुगा होता, आणि त्यात चिखल, उंदराने आणलेली सुपारीची साले आणि एक रुपयाचे नाणे. नटाच्या भोवतीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पापडासारखा मोडत होता. म्हणजे ह्या कोपऱ्यात बॉडी बोल्टाने धरलेली नव्हतीच. ती केवळ वजनाने बसून होती, आणि ह्याच कोपऱ्याच्या वर मागच्या सीटवर माझी मुले लहानपणी बसत असत.

त्या संध्याकाळी मी मिस्त्रींना विचारले की आता उचलायचे राहू दे, नुसते दुरुस्त करून मूळ उंचीला बसवूया का. ते म्हणाले, "बोल्ट तर सगळे काढायलाच लागणार. एकदा काढले की ठोकळा घालायला कितीसा वेळ?" त्यांचे बरोबर होते. परंतु ठोकळे घालण्यापूर्वी पुढचे अठरा दिवस आम्ही फक्त पत्र्याचे काम केले.

पत्र्याच्या कामाचा क्रम असा होता. बॅटरीच्या दोन्ही तारा काढून बॅटरी मांगराच्या बाहेर नेली, पेट्रोलची टाकी रिकामी करून गाडीवरून उतरवली, वायरींच्या जुड्या बाजूला बांधल्या आणि वाळूची बादली व भिजवलेले गोणपाट हाताशी ठेवले. वेल्डिंगची ठिणगी किती लांब उडते ह्याचा अंदाज नवख्याला येत नाही; दुसऱ्या दिवशी एक ठिणगी दहा हात लांब रचलेल्या नारळाच्या सोडणांवर पडली आणि धूर निघाला. सडलेला पत्रा निरोगी पत्रा लागेपर्यंत कापत जायचा, हा मिस्त्रींचा नियम. हातभर कापल्यावर मी थांबा म्हणायचो; ते स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात द्यायचे आणि पत्रा टोचून बघायला सांगायचे. तो आरपार गेला की पुढे कापायचे. फरशीला दोन ठिकाणी, पुढच्या पायांखालच्या कोपऱ्याला एका ठिकाणी आणि चॅसिसवरच्या एका ब्रॅकेटला असे चार तुकडे नव्याने घडवावे लागले. ब्रॅकेटला जाड पत्रा वापरला आणि तो चॅसिसला सलग न जोडता तुटक-तुटक टाक्यांनी जोडला, म्हणजे उष्णतेने चॅसिस वाकत नाही. बॉडीतल्या फिरत्या नटांच्या जागी जाड पट्टीवर नवा नट वेल्ड करून ती पट्टी पोकळीत आतून बसवली. सगळ्यावर जस्तयुक्त प्रायमर, मग रंग, आणि बंद पोकळ्यांत मेणासारखे गंजरोधक फवारले. चॅसिसची पाणी जाण्याची भोके मातीने बुजलेली होती. ती तारेने मोकळी केली तेव्हा त्यांतून ओंजळभर ओली माती पडली. मे महिन्यात, पावसाचा थेंब पडून सात महिने झाल्यावर, ती ओली होती.

मग उचलण्याचा दिवस आला. बॉडी आणि चॅसिस ह्यांच्यामध्ये जे जे धागे ओवलेले असतात ते आदल्या दिवशी एकेक करून सैल केले: स्टेअरिंगचे कपलिंग, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली, हँडब्रेकची केबल, स्पीडोमीटरची केबल, रेडिएटरचे होज, पेट्रोलच्या नळ्या, बॉडीची अर्थिंगची पट्टी आणि गिअर व फोर-व्हीलच्या दांड्यांची रबरी झाकणे. प्रत्येकाचा आधी फोटो घेतला. अर्थिंगची पट्टी लोक विसरतात; ती ताणून तुटली तर स्टार्टरचा प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि एखादी केबल तापते.

गाडी आधारावर घेण्यासाठी मिस्त्रींनी सवयीने जांभ्याचे चिरे आणायला सांगितले. मी नाही म्हणालो, आणि ह्या एका बाबतीत सव्वा महिन्यात मी त्यांचे ऐकले नाही. चिरा दाब सोसतो, पण जॅकच्या टोकासारखा एका बिंदूवर भार आला की तो आतल्या एखाद्या पोकळीवरून अचानक दुभंगतो. त्याऐवजी जुन्या मांगराच्या मट्टी झाडाच्या लाकडी तुळईचे ओंडके वापरले. एका बाजूचे सर्व बोल्ट काढले, दुसऱ्या बाजूचे फक्त सैल ठेवले, बॉडीच्या कडेखाली फणसाची लांब फळी धरली म्हणजे पत्र्यात जॅक रुतणार नाही, आणि दोन बाटली जॅक एकाच वेळी थोडे थोडे फिरवत ती बाजू वर घेतली. बॉडी करकरत, जुना गंज सांडत वर आली. बॉडी आणि चॅसिसमधल्या फटीत हात घालायचा नाही, ठोकळा लाकडी पट्टीने आत ढकलायचा, हा नियम दोघांनीही पाळला. जुने बुश बाहेर आले तेव्हा ते भाकरीसारखे चपटे झाले होते. नवा बुश जुन्याशेजारी ठेवून मोजला तर उंचीत सहा मिमीचा फरक होता, आणि मला हसू आले, कारण ठोकळ्याशिवायच बॉडीला सहा मिमीची लिफ्ट मिळाली होती.

दुपारपर्यंत दोन्ही बाजू ५० मिमीच्या ठोकळ्यांवर बसल्या. भाच्याने लांबून फोटो काढला. गाडी खरोखर रुबाबदार दिसत होती. तेवढ्यात मिस्त्री स्टेअरिंगजवळ वाकलेले दिसले, आणि ते काहीच बोलत नव्हते.

जिप्सीचा स्टेअरिंग बॉक्स चॅसिसवर असतो आणि स्टेअरिंगचा खांब बॉडीला. बॉडी वर गेली की दोघांतले अंतर वाढते. त्यांना जोडणारा शाफ्ट तिरका असल्यामुळे ते पुरते ५० मिमीने वाढत नाही, तरी वाढते, आणि डॅशबोर्डखालचा ब्रॅकेट सैल करून खांब शक्य तितका खाली सरकवल्यावरही शाफ्टचा दातेरी भाग कपलिंगच्या तोंडात जेमतेम ९ मिमी उरला होता. तो फिरत होता, चाके वळत होती, आणि न बघता बोनेट बंद केले असते तर गाडी चाललीही असती. मिस्त्रींनी दोन पर्याय सांगितले. शाफ्ट मधोमध कापून त्यात तुकडा वेल्ड करायचा. खाणीवर त्यांनी तसे केलेले होते. किंवा ठोकळे कमी करायचे. वेल्ड केलेल्या शाफ्टवर मी माझ्या कुळागराच्या उतारावरसुद्धा भरवसा ठेवणार नाही. तो जोड कधी सुटेल हे बाहेरून कळत नाही, आणि सुटतो तेव्हा चाकाच्या आणि माणसाच्या हाताच्या मध्ये काहीच उरत नाही. शाफ्टच्या जाडीइतके तरी दाते आत असावेत असा साधा हिशेब धरला आणि उलट मोजत आलो तेव्हा उत्तर ३८ मिमी आले, म्हणजे दीड इंच.

बॉडी पुन्हा उतरवली. ठोकळे पुन्हा कुंडईला गेले आणि प्रत्येकाचे १२ मिमी छिलून परत आले. पाच दुकाने फिरून आणलेले बोल्ट आता लांब ठरले, आणि नुसते टोक कापून भागेना, कारण त्यांचा आटा अर्ध्याच लांबीवर होता. नट आट्याच्या शेवटाशी येऊन अडत होता आणि बॉडी सैलच राहत होती. वायसरांच्या चळती घालून ते जमवता आले असते. ते न करता नवे बोल्ट आणले, आणि जुने आजही मांगरात डब्यात आहेत.

३८ मिमीवर स्टेअरिंगचे दाते सतरा मिमी आत बसले. बाकीच्या गोष्टींना कमी-अधिक वेळ गेला. रेडिएटर बॉडीबरोबर वर गेला आणि फॅन इंजिनाबरोबर खालीच राहिला, त्यामुळे फॅनची पाती काऊलच्या, म्हणजे फॅनभोवतीच्या आवरणाच्या, खालच्या कडेला लागू लागली. काऊलची भोके लांबट करून तो खाली सरकवला. क्लच केबलला पुरेशी ढील होती. गिअरची दांडी फरशीत दीड इंच बुडाल्यासारखी झाली आणि दुसऱ्या गिअरला माझी बोटे भोकाच्या कडेला लागू लागली. ती कड कापून गुळगुळीत केली. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांना मास्टर सिलिंडरजवळ जी वेटोळी असतात ती थोडी उलगडून उंची मिळते, पण आमच्या नळीचा नट गंजून नळीलाच चिकटला होता आणि सोडताना नळी पिळली गेली. ती वाकवून सरळ करण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या दोन्ही नळ्या नव्या केल्या, टोके दुहेरी दुमडून घेतली, आणि सर्व ब्रेकांतली हवा काढून तेल बदलले.

नव्या टायरांसाठी रिमही बदलावे लागले, कारण २३५ रुंदीच्या टायरला किमान सहा इंची रिम लागते आणि माझे साडेपाच इंची होते. पुढच्या मडगार्डाचा मागचा खालचा कोपरा तरीही घासत होता; दोन बोटे पत्रा कापून कड आत दुमडली. ५० मिमी उंची राहिली असती तर एवढेही लागले नसते. टायरचा घेर साधारण दहा टक्क्यांनी वाढल्यामुळे स्पीडोमीटर आता खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो आणि साठ अश्वशक्तीच्या इंजिनाला चढावर एक गिअर खाली यावे लागते. आमच्या वाटेवर तिसऱ्या गिअरच्या वर जाण्याची वेळ येत नाही, त्यामुळे त्याचे मला दुःख नाही. समोरून पाहिले तर बंपर चॅसिसवर असल्यामुळे तो आणि जाळी ह्यांच्यामध्ये एक फट दिसते. भाच्याला ती झाकायची आहे. मला त्या फटीतून पाण्याचा पाइप आत घालता येतो.

खर्चाचे सांगायचे तर ठोकळे, लेथ, दोन वेळचे बोल्ट आणि बुश मिळून साडेसात हजारांच्या आत भागले. पत्रा, वेल्डिंगचे सामान, रंग, ब्रेकच्या नळ्या आणि मिस्त्रींची मजुरी ह्यांना एकतीस हजार लागले. टायर आणि रिम वेगळे, आणि त्यांचा आकडा घरात अजून पूर्णपणे उघड झालेला नाही.

पहिला मोठा पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. व्हाळाला गुडघाभर पाणी होते. चार गोण्या खत घालून गाडी लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या संथ पण जोरकस गिअरात, खाली नेली, मधल्या माथ्यावरून गेली तेव्हा नेहमीचा खरखराट ऐकण्यासाठी मी कान देऊन होतो, तो आला नाही. जुलैअखेर चाकोऱ्या आणखी खोल झाल्यावर एकदा हलकासा आला. तेहतीस मिमी जिथवर पुरतात तिथवर ते पुरले. तिरक्या उतारावर गाडी पूर्वीपेक्षा किंचित जास्त कलते असे मला वाटते. मिस्त्रींच्या मते ते उंच सीटमुळे वाटते. मी त्या वळणावर आता गोण्या टपाशी न रचता फरशीवर आडव्या ठेवतो.

नवे बुश दबून बसले की बोल्ट सैल पडतात, म्हणून पहिल्या आठवड्यात, पहिल्या महिन्यात आणि चतुर्थीनंतर अशी तीनदा सगळ्यांची तपासणी ठरवली होती. चतुर्थीनंतरच्या तपासणीत डाव्या बाजूचा मागचा एक बोल्ट पाव फेरा फिरला, बाकीचे हलले नाहीत. त्या वेळी आडवा होऊन सगळ्या ब्रॅकेटांच्या खोबणीत पाण्याचा पाइप फिरवला. चिखल पिवळसर तांबडा होऊन वाहत राहिला, आणि पाणी नितळ येईपर्यंत पाऊण तास गेला.